जुन्या जीपवर मोटर-सायरन: वायरिंग हॉर्नसारखं नको, स्टार्टरसारखं करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९६० च्या आसपासची सीजे-३बी जीप, सध्या १२ व्होल्टवर चालणारी, बाकी सगळी मूळ रूपात. चोरबाजारात जुना अमेरिकी मोटर-सायरन मिळाला, पण त्यावरची पट्टी घासली गेल्यामुळे तो ६ व्होल्टचा की १२ चा हे कळत नाही. हॉर्नच्या वायरीवर जोडला तर घुर्र करून थांबला आणि फ्यूज उडाला. गॅरेजवाल्याने जाड फ्यूज घातला, तेव्हा वायर तापून वास सुटला. रॅलीपूर्वी तो नीट कसा जोडायचा?

सगळ्यात आधी तो जाड फ्यूज काढा आणि पूर्वीचा लावा. पहिला फ्यूज उडाला तो अगदी बरोबर उडाला. जुन्या जीपच्या वायरिंगवर कापडी वेष्टण असतं, खाली पेट्रोलची नळी असते, आणि आग लागायला तेवढं पुरतं. हॉर्नची वायर डॅशबोर्डपासून पुढे सोलून-वाकवून तपासा. कुठे कडक किंवा काळी पडली असेल तर तेवढा तुकडा आताच बदला. सायरनचं काम त्यानंतर.

आता मुख्य गोष्ट. सायरनला हॉर्नचा मोठा भाऊ समजलं की पुढचं सगळं चुकतं. हॉर्नमध्ये एक पडदा थरथरतो, त्याला ४-५ अँपिअर पुरतात. मोटर-सायरनमध्ये डीसी मोटर असते, तिच्या शाफ्टवर खाचा पाडलेला रोटर आणि त्याभोवती तशाच खाचांचं स्थिर कवच. रोटर पुढून हवा ओढतो आणि कडेने बाहेर फेकतो. खाचेसमोर खाच आली की झोत सुटतो, सरकली की तुटतो. रोटरला १० खाचा असतील आणि तो मिनिटाला ४,८०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ८०० झोत, म्हणजे ८०० हर्ट्झचा सूर. वेग वाढेल तसा सूर चढतो आणि मोटर बंद केली की रोटर स्वतःच्या वजनावर फिरत राहून सूर हळूहळू उतरतो. स्पीकरच्या सायरनला ही चढ-उतर कधीच तशी जमत नाही आणि जुना सायरन मिळवण्याचा सगळा आनंद त्यातच आहे.

म्हणजे सूर वेगावर अवलंबून, वेग मोटरला मिळणाऱ्या व्होल्टेजवर आणि ते व्होल्टेज तुमच्या वायरीवर. बारीक वायरीवर जोडलेला सायरन बिघडलेला वाटतो, रडका वाटतो, अर्ध्यावरच थांबतो. लोक मग मोटर रिवाइंड करायला नेतात. पुष्कळदा मोटर चांगली असते, व्होल्टेजच तिच्यापर्यंत पोचलेलं नसतं. तुमच्या गाडीत एवढं अँपिअर खाणारी आणखी एकच वस्तू आहे, ती म्हणजे स्टार्टर. सायरनचं वायरिंग त्याच्यासारखंच करायचं.

या बहुतेक सायरनमधली मोटर सिरीज-वाउंड असते, म्हणजे फील्डची (स्थिर भागातली) आणि आर्मेचरची (फिरत्या भागातली) गुंडाळी एकामागोमाग एक जोडलेली. अशी मोटर उभ्या अवस्थेतून उठताना सगळ्यात जास्त करंट ओढते, मग वेग येईल तसा करंट उतरतो. आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो: अमेरिकी फायर इंजिनांवरचा प्रसिद्ध फेडरल क्यू२बी सायरन १२ व्होल्टवर पूर्ण वेगात चालतानाच १०० अँपिअरच्या आसपास घेतो. उठताना त्याहून बराच जास्त. जीपच्या मडगार्डवर बसणारे लहान सायरन त्यापेक्षा बरेच कमी घेतात, तरी हॉर्नच्या वायरीला ते झेपणारं नाहीच.

सिरीज मोटरचे आणखी दोन गुण लक्षात ठेवा. बॅटरीची टोकं उलटी केली तरी ती त्याच दिशेने फिरते, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदमच उलटतात. त्यामुळे ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या पॉझिटिव्ह अर्थवाल्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेल्या, जुन्या ब्रिटिश गाड्यांवरही हा सायरन बिनधास्त बसतो. कायम चुंबकाची मोटर असलेला नंतरच्या काळातला सायरन मात्र उलटा फिरेल आणि आवाज पडेल. दुसरा गुण धोक्याचा आहे: बोजा नसताना सिरीज मोटरच्या वेगाला आवर राहत नाही. रोटर काढून नुसती मोटर पूर्ण व्होल्टेजवर कधीही चालवून पाहू नका.

व्होल्टेज जोडण्याआधी सायरन हातात घ्या. रोटर बोटाने हळू फिरवा. कुठे घासतो का, अडतो का, शाफ्टला खेळ आहे का? रोटर आणि कवच यांच्यातली फट फार कमी असते, तिथे गंजाची खपली किंवा कुंभारीण माशीचं मातीचं घर अडकलेलं असतं. घासणारा रोटर तसाच फिरवला तर ॲल्युमिनियम ओरबाडलं जातं आणि ते परत भरून येत नाही. आतल्या बाजूला रंग किंवा क्रोम अजिबात चढवू नका. फट कमी होते, तोलही जातो. बाहेरचं कवच खुशाल चमकवा. रोटरचा नट आणि त्याची किल्ली (रोटरला शाफ्टवर घसरू न देणारी खाचेतली पट्टी) नीट आहे याची खात्री करा. एवढ्या वेगाने फिरणारा रोटर सुटला तर पुढची जाळी त्याला थोपवणार नाही.

मग मागचं झाकण उघडा. कार्बन (मोटरचे ब्रश) स्प्रिंगवर मोकळे सरकतात का, ते ज्यावर टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर काळा पडलाय का, पट्ट्यांमधल्या चिरा कार्बनच्या भुकटीने भरल्यात का, हे पाहा. बारीक पॉलिश पेपर चालेल, एमरी नको, कारण तिचे कण वीजवाहक असू शकतात आणि चिरांत बसतात. ब्राँझचे बुश असतील तर पातळ मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब, बस. ग्रीस भरू नका.

गुंडाळी बॉडीला चिकटली आहे का हे तपासण्यासाठी आपल्याकडे २३० व्होल्टचा सिरीज लॅम्प लावायची सवय आहे. इथे ते करू नका. पन्नास-साठ वर्षांचं कापडी इन्सुलेशन ६ किंवा १२ व्होल्टसाठी बनवलेलं आहे, आणि तुमचा हात धातूच्या कवचावर आहे. १२ व्होल्टचा बल्ब आणि बॅटरी यावर तीच चाचणी होते. सायरनला एकच टर्मिनल असेल तर परतीचा मार्ग बॉडीतूनच आहे, तेव्हा बल्ब पेटणारच. दोन टर्मिनल असतील तर बॉडीशी बल्ब पेटता कामा नये.

जाता जाता: जुन्या बाजारात ‘गाडीचा सायरन’ म्हणून जे विकलं जातं त्यात कारखान्यांचे २३० व्होल्टचे सायरन आणि नागरी संरक्षणाचे हाताने फिरवायचे सायरनही असतात. फील्डची तार सुतासारखी बारीक दिसली, तर तो सायरन बॅटरीचा नाही.

आता ६ की १२. साध्या मल्टिमीटरने या मोटरचा रोध मोजता येत नाही, कारण तो मीटरच्या स्वतःच्या वायरींपेक्षाही कमी असतो. असं करा: १२ व्होल्टची बॅटरी, तिच्या एका टोकाला ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब, पुढे सायरन, पुढे बॅटरीचं दुसरं टोक, सगळं सिरीजमध्ये. बल्बमुळे सर्किटमधून साधारण साडेचार अँपिअरच जातील. रोटर हलू लागला तर फडक्याने हलकेच धरून ठेवा, आणि सायरनच्या टर्मिनलवर मिलिव्होल्ट वाचा. समजा १८० मिलिव्होल्ट आले. ०.१८ ला ४.५ ने भागलं की ०.०४ ओहम. अशा सायरनला ६ व्होल्ट दिले तर उठतानाचा करंट कागदावर १५० अँपिअर, १२ दिले तर ३००. प्रत्यक्षात बॅटरी आणि वायरीच्या रोधामुळे थोडा कमी. छोट्या सायरनचा आकडा असा आला तर तो ६ व्होल्टचा असण्याची शक्यता दाट. तोच आकडा याच्या तीन-चार पट आला तर १२ चा.

ही झाली गणिताची बाजू. खात्री मात्र चालवूनच करायची, आणि सुरुवात नेहमी ६ व्होल्टवर. सायरन व्हाइसमध्ये घट्ट आवळा, कानांवर इअरमफ चढवा, घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. ६ व्होल्टवर दोन-तीन सेकंद द्या. पूर्ण दमाने ओरडला तर उत्तर मिळालं. जडपणे फिरून खालच्याच सुरात घुमत राहिला, तर तो १२ चा आहे. त्याच वेळी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावून उठतानाचा आणि स्थिर वेगाचा, दोन्ही आकडे लिहून ठेवा. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, तेव्हा घेताना बघून घ्या. पुढचं सगळं वायरिंग या दोन आकड्यांवर ठरतं.

सायरन ६ व्होल्टचा निघाला तर काय? पुष्कळजण सांगतील, ‘१२ वर लावा, दोन सेकंदच तर वाजवायचाय.’ त्या दोन सेकंदांत करंट दुप्पट आणि गुंडाळीत होणारी उष्णता चौपट, शिवाय रोटर त्याच्या ठरलेल्या वेगाच्या पुढे जाणार. मध्ये रेझिस्टन्स टाकायचा म्हटलं तर ६ व्होल्ट आणि ६० अँपिअर म्हणजे ३६० वॅटची शेगडी बोनेटखाली बसवणं झालं. १२ व्होल्टच्या बॅटरीच्या मधल्या सेलमधून ६ काढायची जुनी युक्तीही टाळा, निम्मे सेल उपाशी राहतात आणि बॅटरी लवकर मरते. रिवाइंडिंग करून १२ चा करता येतो, चांगला वाइंडर ते करेलही, पण मूळ गुंडाळी शाबूत असताना ती उपसून टाकायला माझं मन घेत नाही. माझ्या मते सरळ मार्ग म्हणजे सायरनपुरती वेगळी ६ व्होल्टची मोठी बॅटरी. गोल्फ कार्टसाठी अशा बॅटऱ्या मिळतात. ती मागच्या सीटखाली पट्ट्याने घट्ट बांधा, घरी वेगळ्या चार्जरवर चार्ज करा, आणि तिचं पॉझिटिव्ह जीपच्या १२ व्होल्टच्या कुठल्याही वायरीला लागणार नाही हे पाहा. निगेटिव्ह चासीवर एकत्र आलं तर हरकत नाही.

१२ चा असेल तर जीपचीच बॅटरी पुरेल. ६० अँपिअरने अर्धा मिनिट वाजवला तरी खर्च होतात फक्त अर्धा अँपिअर-तास. बॅटरी उतरण्याची भीती नाही. भीती आहे ती त्या क्षणी व्होल्टेज खाली बसण्याची. इंजिन आयडलिंगवर असेल तर डायनमो जवळपास काहीच देत नसतो, सगळा भार बॅटरीवर येतो, इग्निशन कॉइलला व्होल्टेज कमी मिळतं, ठिणगी मंदावते आणि इंजिन फडफडून बंद पडतं. सायरन उठताना बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा. १० व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिचे क्लॅम्प बघा.

मार्ग असा ठेवा: बॅटरीचं जिवंत टोक, तिथून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, पुढे हाताने बंद करता येणारा कट-ऑफ स्विच, मग सोलेनॉइड (बटणाच्या बारीक करंटवर जाड पॉइंट जोडणारा विजेचा स्विच), मग सायरन. परतीसाठी सायरनच्या कवचापासून चासीपर्यंत आणि चासीपासून बॅटरीपर्यंत तेवढ्याच जाडीची केबल. वायर काढायला सोयीची दुसरी जागा म्हणजे स्टार्टर स्विचचं बॅटरीकडचं टर्मिनल. तिथून सायरनच्या केबलचं अंतर वाचत असेल तर तिथून घ्या, पण फ्यूज त्याच्या लगेच शेजारी हवा. काही झालं तरी डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरच्या पलीकडून घेऊ नका. जुन्या जीपमध्ये स्टार्टर सोडून सगळा करंट त्या मीटरमधून जातो. सायरनचा करंट त्यातून गेला तर मीटर तर जळेलच, शिवाय डॅशबोर्डमागे धूर होईल.

केबलची जाडी गणित करून ठरवा. जाताना ३ मीटर आणि येताना ३, असे ६ मीटर धरा. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण ४.६ मिलिओहम, म्हणजे एकूण २८ च्या आसपास. ६० अँपिअरला सुमारे १.७ व्होल्ट वाटेतच जातात, आणि उठताना १५० अँपिअर ओढले तर ४ व्होल्टच्या वर. हाच तो रडका सायरन. १६ चौरस मिलिमीटर घेतली तर एकूण रोध ७ मिलिओहम, ६० अँपिअरला अर्ध्या व्होल्टहूनही कमी घट. ६ व्होल्टच्या सायरनला मी २५ च्या खाली जात नाही, कारण अर्धा व्होल्ट १२ मधून गेला तर चालून जातं, ६ मधून गेलेला ऐकू येतो. बारीक तारांची लवचिक केबल घ्या, वेल्डिंगची केबल उत्तम. घरगुती वायरिंगची कडक वायर गाडीच्या हादऱ्याने थिंबलपाशी (केबलच्या टोकाला बोल्टसाठी लावतात त्या धातूच्या कडीपाशी) तुटते. थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, हातोडीने ठोकून नव्हे. वरून काळी कापडी स्लीव्ह चढवली की केबल त्या काळातलीच दिसते.

फ्यूज केबलला वाचवण्यासाठी असतो, सायरनला नव्हे. १६ च्या केबलला बोल्टने आवळायचा १०० अँपिअरचा पट्टी-फ्यूज ठीक बसतो. तो थोडा संथ असल्यामुळे उठतानाचा क्षणिक झटका सोसतो. काचेचे आणि पात्यांचे छोटे फ्यूज इथे कामाचे नाहीत.

सोलेनॉइडबद्दल नीट ऐका, कारण इथेच जास्त गाड्या फसतात. दुकानात सहज मिळतो तो स्टार्टरचा सोलेनॉइड. त्याची कॉइल काही सेकंदांसाठीच बनवलेली असते, लांब दाबून धरला की तापते. विंचसाठी किंवा दुहेरी बॅटरीसाठी येतो तसा, ‘कंटिन्युअस ड्यूटी’ लिहिलेला घ्या. हॉर्नचा ३०-४० अँपिअरचा रिले तर अजिबात नको. त्याचे पॉइंट चिकटतात, आणि पॉइंट चिकटले की बटण सोडलं तरी सायरन थांबत नाही. चांगल्या सोलेनॉइडचेही कधीतरी चिकटतात. कट-ऑफ स्विच मी हट्टाने सांगतो तो यासाठी. तो ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा हवा, बोनेट उघडून शोधायला लागता कामा नये.

सोलेनॉइडच्या कॉइलला बारीक वायर चालते, तिच्यात ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज. गाडीत रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर कॉइलवर १एन५४०८ सारखा ३ अँपिअरचा डायोड उलटा लावा, पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हकडे. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत पॉझिटिव्ह म्हणजे चासीची बाजू, तिथे घाईत चूक होते.

बटण पायाचं लावलं तर सगळ्यात शोभतं, अमेरिकेत असंच असायचं. त्यासाठी हेडलाइटचा पायाने दाबायचा डिमर घेऊ नका. तो एकदा दाबला की तिथेच अडकतो, आणि आपल्याला पाय उचलताच सुटणारा स्विच हवा. जुन्या विलीज जीपमध्ये (जीप बनवणारी अमेरिकी कंपनी) स्टार्टरही पायानेच मारायचा असतो. ते जाड तांब्याच्या पॉइंटचे पाय-स्विच सायरनला थेट, सोलेनॉइडशिवायही चालतात. फक्त तो स्टार्टरपासून लांब, शक्यतो शेजारच्या सीटच्या पायाशी बसवा. पाय चुकून चालू इंजिनात स्टार्टर दाबला गेला तर रिंग गिअरचे दात जातात.

सायरनला रोटर चटकन थांबवणाऱ्या ब्रेकचं टर्मिनल असेल तर त्याला स्वतंत्र बटण द्या. मोटर आणि ब्रेक एकदम चालू होणार नाहीत अशी जोडणी करा, नाहीतर ब्रेकचं अस्तर जळतं.

बसवायची जागा: विलीजच्या ग्रिलसमोर तो देखणा दिसतो, पण रेडिएटरची हवा अडवतो. आपल्या उन्हाळ्यात रॅलीच्या रांगेत उभ्या जीपला ते परवडत नाही. बंपरवर ब्रॅकेट करा किंवा डाव्या मडगार्डवर, खाली जाड पट्टी देऊन, कारण मोटर उठताना कवचाला उलटा झटका बसतो आणि नुसता पत्रा फाटतो. रबरी पॅड दिलात तर बॉडीची अर्थ तुटते, तेव्हा परतीची केबल थेट कवचाच्या बोल्टवर घ्या, रंग खरवडून. पाणी निघायचं भोक खालच्या बाजूला राहू द्या, पावसाळ्यात सायरन काढून घरात ठेवा.

मूळ वायरिंगमध्ये एकही वायर कापू नका, चासीत नवीन भोक पाडू नका. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, त्यात चासी, बॉडी आणि इंजिनमधले मोठे बदल चालत नाहीत. सायरन पूर्ण काढता आला पाहिजे. रॅलीच्या परीक्षकालाही मग हरकत घ्यायला जागा राहत नाही.

आणि हे स्पष्टच सांगतो: केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे रस्त्यावर सायरनची मुभा अग्निशमन, रुग्णवाहिका, पोलीस अशा मोजक्या वाहनांनाच आहे. खासगी जीप कितीही जुनी असली तरी त्यात बसत नाही. मागून सायरन ऐकला की लोक वाट देतात, ती रुग्णवाहिकेसाठी असते. तो विश्वास शाबूत राहायला हवा. रॅलीच्या मैदानाबाहेर पडताना सोलेनॉइडपासून सायरनकडे जाणारी केबल नट काढून सोडवा आणि तिच्या टोकाला रबरी टोपी चढवा. नुसता कट-ऑफ बंद ठेवणं पुरेसं नाही, गर्दीत कोणीतरी पोरगं तो फिरवतंच. मैदानात वाजवायचा तर आयोजकांना विचारून, आणि पुढे कोणाचे कान नाहीत हे बघून.

गाडी ब्रिटिश बनावटीची फायर इंजिन असती तर मी सायरन लावूच नका म्हटलं असतं. डेनिस, मेरीवेदर अशा जुन्या बंबांवर हाताने वाजवायची पितळी घंटाच असे. तुमच्या जीपचं तसं नाही. अमेरिकी लष्करी पोलिसांच्या जीपवर सायरन असायचे, त्यामुळे विलीजच्या घराण्यात तो परका नाही.

दोन आकडे मोजून झाले की मला कळवा: सायरनवरचे मिलिव्होल्ट, आणि ६ व्होल्टवर चालताना क्लॅम्प मीटरने दाखवलेले अँपिअर. त्यावरून केबल आणि फ्यूज नक्की सांगतो.